यादीत नसलेली फिल्म

दोन्या लिब्रादा कामासाठी पहिल्यांदा माझ्या दारात आली, ती सरकारी पत्र नाचवत.

"नाबोर, तुझं ते डिस्क लावायचं यंत्र दे. आरोग्य कचेरीनं फिल्म पाठवलीय, यंत्र पाठवायला विसरले."

"आणि टीव्ही?"

"टीव्हीही तुझाच."

"मग सरकारचं काय गं त्यात?"

"पत्र आहे ना. खाली शिक्का बघ, किती गोल उठलाय."

मी ओकोताल गावचा व्हिडिओवाला. लग्नं, बाप्तिस्मे, मुलींचे पंधरावे वाढदिवस, अंत्ययात्रा आणि दर वर्षी जूनअखेरचा संत मार्सियालचा उत्सव, हे सगळं मी कॅमेऱ्यात घेतो आणि डिस्क करून उत्तरेला पाठवतो. निम्मं गाव तिकडे कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी तोडायला गेलंय. उत्सवाच्या तीन डिस्क होतात, पाच तासांच्या. मी काही म्हणजे काही कापत नाही. एक मिनिट कापलं की नेमकी कुणाची तरी मावशी त्यात असते, आणि मग सीमेपलीकडून फोनवर माझा उद्धार होतो. शहरातले शिकलेले लोक म्हणतात, तुझ्या फिल्ममध्ये गोष्ट नसते. नसू दे. माझ्या फिल्ममध्ये माणसं असतात.

लिब्रादा आमच्या आरोग्यघराची बाई, म्हणून सगळे तिला मानानं दोन्या म्हणत. आरोग्यघर म्हणजे एक खोली, एक खाट, एक वजनकाटा आणि भिंतीवर गर्भाशयाचं चित्र, ज्याला आमचे पुरुष लिंबाचा काप समजत. डॉक्टर गुरुवारी यायचा, म्हणजे रस्ता वाहून गेलेला नसेल त्या गुरुवारी. बाकी सहा दिवस लिब्रादाच डॉक्टर, नर्स आणि शिपाई. सहावी शिकलेली, तीन महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेली, ठेंगणी, निळा एप्रन कायम अंगावर. कुणाच्या घरात शिरली की आधी माणसांकडे बघायची नाही, पाण्याच्या रांजणाकडे बघायची. तिची पावलं ऐकू आली की गल्लीभर रांजणांवर झाकणं पडायची आणि ती वळणावर दिसेनाशी झाली की निघायची. तिला हे ठाऊक होतं. कधी कधी ती मुद्दाम अर्ध्या वाटेवरून परत यायची आणि बायकांची तारांबळ बघून पोट धरून हसायची.

तिच्या गळ्यात कचेरीनं एक धोंडा बांधला होता. दर महिन्याला गावातल्या आयांना आणि मुलांना आरोग्याची फिल्म दाखवायची, सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, फोटो काढायचा आणि फॉर्म भरून पाठवायचा. ज्या आया येणार नाहीत त्यांची सरकारी मदत बंद. फिल्म मात्र मंजूर यादीतलीच हवी. यादीत चौतीस नावं होती. आपल्याला कुठली हवी ते कळवायची सोय होती, पण कळवलेली फिल्म येण्याची सोय नव्हती. लिब्रादा दर वेळी एकच मागायची, ‘अतिसार आणि बालक’. तिला तीच का हवी होती, ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मागच्या वर्षी उत्सव संपल्यावर आठवड्याभरात अकरा पोरं जुलाबानं आडवी झाली. दहा वाचली. सिरेनियाची रुफिना, साडेतीन वर्षांची, शहराकडे नेताना ट्रकमध्येच गेली. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं पोटात अन्न चिकटलं. आता पुढचा उत्सव चार महिन्यांवर आला होता, आणि लिब्रादाला त्याआधी गावाच्या डोक्यात काहीतरी घालायचं होतं.

पहिली फिल्म आली ती मोटारीतल्या पट्ट्याची. एक गोरा बाप दोन गोऱ्या मुलांना मागच्या सीटवर पट्टा बांधतो आणि सगळे हसतात. आमच्या गावात तीन ट्रक, आणि त्यांत माणसं मागे उभी राहून जातात. फिल्म संपल्यावर प्लासिदानं हात वर केला. प्लासिदा ही गावातली सगळ्यात मोठ्या तोंडाची बाई.

"दोन्या लिब्रादा, हा पट्टा शेळीला पण बांधायचा का? ती पण असते ना आमच्याबरोबर मागं."

लिब्रादानं फॉर्मवर लिहिलं: ‘श्रोत्यांनी शंका विचारल्या.’

दुसरी फिल्म फ्रीज कसा लावावा याची. शिजलेलं वर, कच्चं खाली. गावात फ्रीज दोन, त्यातला एक लशींचा. पण बायका देव्हाऱ्यात बघावं तशा त्या फ्रीजमध्ये डोळे लावून बसल्या. तिसरीत हातपाय फुटलेला एक दात गाणं म्हणत होता. मोठ्यांना बरी वाटली. लहान पोरांनी मात्र आठवडाभर तोंड उघडलं नाही, दात चालत बाहेर येईल म्हणून. फॉर्ममध्ये ‘कार्यक्रमाचा परिणाम’ या रकान्यात तीनच पर्याय होते: चांगला, फार चांगला, उत्कृष्ट. दर वेळी यंत्र माझं, टीव्ही माझा आणि उत्कृष्ट सरकारचं. माझं डोकं फिरायचं. लिब्रादा शांतपणे फुली मारायची.

आणि मग मे महिन्यात, आता उत्सव पाच आठवड्यांवर असताना, एकदाची ती आली. डिस्कवर व्यवस्थित छापलं होतं, ‘अतिसार आणि बालक’. लिब्रादानं त्या दिवशी केस धुतले होते. एक्केचाळीस बायका, त्यांची पोरं, खिडक्यांवर घोंगड्या टाकून अंधार केलेला. मी डिस्क लावली. पडद्यावर गुलाबी झगा घातलेली एक मुलगी जिन्यावरून खाली आली. कचेरीतल्या कुणा साहेबाच्या लेकीचा पंधरावा वाढदिवस होता तो. डिस्क भरणाऱ्यानं चुकीचा घाणा काढला होता.

मी बंद करायला उठलो, तर बायका माझ्या अंगावर ओरडल्या.

"बस खाली, नाबोर! केक येतोय!"

दोन तास एकीनंही मान वळवली नाही. बापाला नाचता येत नाही, आईनं झगा उसना घेतलाय, तो मिशीवाला चुलता नक्की प्यायलेला आहे, कोपऱ्यातली ती हिरव्या झग्यातली बाई कोण आणि ती सारखी बापाकडे का बघते. अनोळखी घराची अशी चिरफाड मी जन्मात ऐकली नव्हती. संपल्यावर प्लासिदानं विचारलं, "दुसरा भाग कधी येणार?"

मला वाटलं लिब्रादा आता रडेल. तिनं फॉर्म काढला आणि लिहिलं: ‘अतिसार आणि बालक. उपस्थिती एक्केचाळीस. श्रोत्यांनी अत्यंत लक्षपूर्वक पाहिले.’ फुली उत्कृष्टवर मारली. दोन आठवड्यांनी कचेरीतून तिच्या नावानं अभिनंदनाचं पत्र आलं, तेही गोल शिक्क्याचं.

त्याच दिवशी ती माझ्या घरी आली.

"नाबोर, माणसं माणसांना बघतात. दाताला नाही बघत, पट्ट्याला नाही बघत. गेल्या उत्सवाची तुझी डिस्क लाव."

"कुठली? तीन आहेत."

"तो डोंगरावरचा भाग आहे ती."

डोंगरावरचा भाग म्हणजे माझ्या आयुष्याचं सार्थक. आमच्याकडे उत्सवाच्या आदल्या दिवशी संताची वस्त्रं धुतात. मोठं मानाचं काम, ते करायला बायका वर्षभर रांगेत असतात. डोंगरातल्या झऱ्यावर, फुलं टाकून, गात गात. संताची वस्त्रं ज्या पाण्यात धुतली ते पाणी आशीर्वादाचं, म्हणून उत्सवाचं अंबाडीच्या फुलांचं लाल सरबत त्याच पाण्याचं करायचं. ते उकळायचं नाव काढलं तर म्हातारे अंगावर येत: संताच्या पाण्याला जाळ लावायचा? त्या दिवशी मी कॅमेरा डोंगराच्या माथ्यावरून सुरू केला होता आणि झऱ्याच्या कडेकडेनं खाली उतरत थेट त्या वर्षी उत्सवाचा खर्च उचलणाऱ्या यजमानाच्या अंगणात नेला होता. सात मिनिटं, एकदाही न थांबता, काटेरी निवडुंगातून, मागे न बघता. कॅलिफोर्नियात मोठमोठे बाप्ये ते बघून रडले होते.

मी कौतुकाच्या अपेक्षेनं लावलं.

"थांबव," ती म्हणाली. "हे बैल कुणाचे?"

"बैलांच्या खेळाचे. पाण्याची सोय म्हणून वर बांधतात, दर वर्षी."

"आणि हा काय करतोय?"

"बैल आहे तो. बैल जे करतो ते करतोय."

"कुठे करतोय?"

मी पडद्याकडे बघितलं. ते चित्र मी निदान पन्नास वेळा बघितलं होतं. दर वेळी मी उजेड बघितला होता.

"पुढे ने," ती म्हणाली. खाली बायका वस्त्रं धूत होत्या. त्याच्या खाली घागरी भरल्या जात होत्या. मग अंगण, साखरेची पोती, लाल सरबताचं भलंमोठं मडकं, पोरांची रांग. मडक्यामागे निळा एप्रन आणि हातात ओगराळं. ती स्वतःच होती. रांगेतल्या पाचव्या पोरीला तिनं पेला दिला, पोरीनं तो दोन्ही हातांनी धरून संपवला, ओठ लालभडक झाले, आणि कॅमेऱ्याकडे बघून ती खळखळून हसली. रुफिना.

लिब्रादा पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "गल्लीतले रांजण तपासत फिरते मी. आणि इथे बघितलं नाही. संताचं पाणी म्हणून मी पण बघितलं नाही."

मला तिच्याकडे बघवेना. मी म्हणालो, "दोन्या, तुझा तेवढा भाग मी कापतो. मी कधी कापत नाही, पण हा कापतो."

"कापलास की ती सरकारची फिल्म झाली. दुसऱ्याच कुणाच्या तरी घरची."

दुसऱ्या दिवशी ती सिरेनियाकडे गेली आणि मला बरोबर घेऊन गेली. का, ते कळेना. बहुतेक एकटीनं जायची तिची हिंमत नव्हती, आणि हे तिच्या बाबतीत मी पहिल्यांदाच बघत होतो. सिरेनिया मक्याचे दाणे सोडवत होती. तिनं रांजणावर झाकण टाकलं नाही. ते आधीच होतं.

"मी ती डिस्क घेतली नव्हती," सगळं ऐकून ती म्हणाली.

"माहीत आहे गं."

"ती दिसते त्यात?"

"दिसते. माझ्या हातून पेला घेते."

सिरेनियानं कणीस खाली ठेवलं. मग विचारलं, "हसते का?"

"हसते."

"मग येते मी."

गावात बातमी पसरायला अर्धा दिवस लागला. संध्याकाळी यंदाचे यजमान आबुंदियो काका माझ्याकडे आले. आबुंदियो काकांना यजमानपदासाठी नऊ वर्षं वाट बघावी लागली होती, आणि संताच्या अंगरख्याला नवी जर लावायचं काम त्यांनी स्वतः जातीनं करून घेतलं होतं.

"नाबोर, ती बाई म्हणते संताचं पाणी खराब आहे. तू तिला यंत्र देणार?"

"काका, टीव्ही पण देणार."

"मग यंदाचा उत्सव तू घ्यायचा नाहीस. माझा भाचा फोनवर घेईल."

मी काही शूर माणूस नाही. रात्रीचं जेवण गेलं नाही मला. पण भाच्याच्या फोनवर सात मिनिटांचं एक चित्र? तो अर्ध्या डोंगरात घसरून पडला असता. या रागावरच मी दुसऱ्या दुपारी टीव्ही उचलून आरोग्यघरात नेला.

सह्यांची सक्ती नसताना अख्खं गाव आलं. पुरुषही आले, दारात उभे राहिले. पहिल्यांदा लावली तेव्हा व्हायचं तेच झालं. "ती बघ माझी शाल!" "प्लासिदा, काय गं तुझी कंबर!" "बैल केवढा माजलाय!" हशा, टाळ्या. लिब्रादा एका कोपऱ्यात उभी होती.

"आता पुन्हा लाव," ती म्हणाली. "आणि तुझा तो बँड बंद कर."

मी त्या चित्राला बँड जोडला होता, दोन तुताऱ्या आणि एक ढोल. तो काढला आणि खाली दडलेले मूळ आवाज वर आले. डोंगराचा वारा. मग वरून पाण्यात पडणारी एक जाड धार, बराच वेळ. मग तेच पाणी दगडांवरून खळाळत खाली. मग बायकांचं गाणं आणि वस्त्रं आपटल्याचा आवाज. मग घागरी बुडाल्याचा आवाज. प्लासिदाची सात वर्षांची नात सगळ्यांच्या आधी उभी राहिली.

"आज्जी, बैलाची शू सरबतात गेली!"

कुणी हसलं नाही. आबुंदियो काका दारातून म्हणाले, "संत शुद्ध करून घेतो सगळं. आपल्या बापजाद्यांनी प्यालंय ते."

"काका, सरबताचं राहू दे," लिब्रादा म्हणाली. "त्याची वस्त्रं कशात धुतली आपण? तुमची नवी जर यंदा कशात धुवायची?"

आता मात्र दारात खळबळ उडाली. पुरुष एकमेकांना विचारू लागले की बैल वर बांधायची अक्कल मुळात कुणाची, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा आजोबा आठवला. अकरा पोरं आडवी झाली तेव्हा ज्यांनी खांदे उडवले होते, त्यांना संताच्या अंगरख्याची काळजी पडली. माझी मान शरमेनं खाली गेली. लिब्रादाची नाही गेली. तिला घागर उकळून हवी होती. ती कुणाच्या लाजेनं उकळते, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

चित्र अंगणात पोचलं होतं. लिब्रादा उठून टीव्हीजवळ गेली आणि निळ्या एप्रनवर बोट ठेवलं.

"ही मी," ती म्हणाली. "हे ओगराळं माझ्या हातात आहे. मी उकळलं का, विचारलं नाही. कुठून आणलं, विचारलं नाही. यंत्र थांबव, नाबोर."

"थांबवू नको," सिरेनिया म्हणाली.

ती सगळ्यांत पुढे, जमिनीवर बसली होती. मी थांबवलं नाही. पाचवी पोरगी आली, पेला घेतला, संपवला. ओठ लाल झाले. ती हसली. त्या हसण्याचा आवाजही बँडखाली दडला होता, तो मीसुद्धा तेव्हा पहिल्यांदाच ऐकला. मग सिरेनिया एवढंच म्हणाली, "परत एकदा." मी परत लावलं, आणि मला रडू आलं, गावासमोर.

त्या वर्षी बैल झऱ्याच्या खाली, पार पलीकडच्या वावरात बांधले. पाणी मोलेचा रस्सा शिजवायच्या मोठ्या कढईत खळखळ उकळलं. सभेच्या वहीत नोंद झाली ती अशी की ‘संताच्या वस्त्रांचा मान राखण्यासाठी’ हा निर्णय पुरुषमंडळींनी एकमतानं घेतला. आबुंदियो काकांनी उत्सवाआधी भाच्यानं फोनवर घेतलेलं चित्र बघितलं, त्यात निम्मं त्याचं स्वतःचं बोट होतं, आणि मला निमूट बोलावणं पाठवलं. उत्सवानंतर आठवडाभरात दोन पोरांना जुलाब झाले. दोघांना लिब्रादानं मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि तिसऱ्या दिवशी दोघंही कोंबड्यांमागे धावत होती. कॅलिफोर्नियातून तेवढी तक्रार आली: नाबोर, तुझं डोकं फिरलंय का, अर्धा तास नुसतं पाणी उकळतंय!

आरोग्य कचेरीनं त्या दुपारचा फॉर्म परत पाठवला. दाखवलेली फिल्म मंजूर यादीत नाही, सबब कार्यक्रम झालेला नाही. लिब्रादानं नवा फॉर्म घेतला, नावाच्या जागी ‘अतिसार आणि बालक’ लिहिलं आणि पाठवला. तो मंजूर झाला. पुढे कुणीतरी कचेरीत या फिल्मबद्दल बोललं असावं, कारण वर्षभरानं पत्र आलं की ती यादीत घ्यायचा विचार आहे, मात्र तीन बदल करावेत. बैल काढावेत, कारण त्यांतून ग्रामीण जनतेचं वाईट चित्र उभं राहतं. संत काढावेत, कारण सरकार कुठल्याही धर्माचं नाही. आणि ती लहान मुलगी काढावी, कारण ती फिल्मच्या विषयाशी संबंधित वाटत नाही.

लिब्रादानं ते पत्र मला वाचून दाखवलं, शेवटची ओळ दोनदा. मग घडी घालून वजनकाट्याच्या डगमगणाऱ्या पायाखाली सरकवलं.

आता दर वर्षी वस्त्रं धुऊन घागरी भरल्या की त्या दुपारी आरोग्यघरात ती फिल्म लागते, बँडशिवाय. यादीतली फिल्म नाही, म्हणून सह्या नाहीत. तरी सगळे येतात. आता कुणी शालीबद्दल बोलत नाही, आणि तो क्षण जवळ आला की लोक आपल्या पायांकडे बघायला लागतात. पुढे बसलेली सिरेनिया तेवढी वर बघते. रुफिना हसते. मग सगळ्यांच्या आधी सिरेनिया उठते आणि कढईखाली जाळ करायला जाते.